राजाला बंद, आपल्याला उघडी: कोरियाच्या 'शिल्लोक' संकेतस्थळाबद्दल

फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिरात नाही, 'आपला अर्ज विचाराधीन आहे' नाही. एवढ्यावरच मी निम्मे गुण देऊन टाकले होते. उरलेले निम्मे कुठे दिले आणि कुठे कापले, ते सांगते.

मी साताऱ्याची. मोडी कागद वाचून त्यांचं देवनागरी लिप्यंतर करून देणं हा माझा धंदा. इनामाचे वाद, वाटण्या, वंशावळी असलं काही निघालं की लोक येतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि आम्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. कोरियन शिकले ते मात्र हौसेनं, आधी मालिका पाहून आणि मग रीतसर क्लास लावून. त्यामुळे जोसॉन या जुन्या कोरियन घराण्यातल्या राजांचं दफ्तर इंटरनेटवर आहे असं कळल्यावर जेवण टाकून बसले. वाचण्यापेक्षा तपासायला बसले, असंच म्हणा. दुसऱ्याच्या दफ्तरखान्यात शिरलं की आधी कपाटांची व्यवस्था पाहायची, ही आमची खोड.

संकेतस्थळ कोरियाच्या राष्ट्रीय इतिहास संपादन समितीचं. पत्ता शिल्लोक डॉट हिस्टरी डॉट जीओ डॉट केआर. शिल्लोक म्हणजे जोसॉन घराण्याची अधिकृत बखर. थेजोपासून छॉलजोंगपर्यंत २५ राजे, १३९२ ते १८६३, म्हणजे ४७२ वर्षं. १,८९३ खंड ८८८ पुस्तकांत बांधलेले, अक्षरं जवळपास पाच कोटी, सगळी अभिजात चिनीत. १९९७ साली युनेस्कोनं हे 'जगाच्या स्मृती'च्या यादीत घेतलं. दक्षिण कोरियानं १९६८ ते १९९३ अशी पंचवीस वर्षं खपून त्याचं आजच्या कोरियनमध्ये भाषांतर केलं, ते छापून ४१३ खंड झाले. १९९५ ला सीडी निघाली आणि २००५ च्या अखेरीपासून सगळं इंटरनेटवर फुकट.

पहिल्या पानावर राजांची नावं ओळीनं. राजावर टिचकी मारली की त्याची वर्षं, वर्षावर मारली की महिने, मग दिवस, मग त्या दिवसाच्या नोंदी एकेक करून. नोंद उघडली की कोरियन भाषांतर, त्याला लागून मूळ चिनी मजकूर, आणि हवं असेल तर जुन्या पानाचा फोटो. हे तिन्ही शेजारी ठेवण्यात सगळी हुशारी आहे. भाषांतरकाराची शंका आली तर मूळ बघा, मूळ छापणाऱ्याची शंका आली तर पान बघा. आमच्याकडे लिप्यंतर एका पुस्तकात, मूळ रुमालात (म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यात), रुमाल कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. दोन शब्द ताडून पाहायला एका दफ्तरखान्यात मी जे हेलपाटे घातलेत, ते इथे एका टिचकीत वाचले.

नोंदीच्या तळाशी एक बारीक टीप असते. तिच्यावर माझा फार जीव जडलाय. थेबेकसान प्रतीतलं (डोंगरांवर जपलेल्या प्रतींपैकी ही एक, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) कितवं पुस्तक, कितवा खंड, कितवं पान, पानाची पुढची बाजू की मागची. फोटो-मुद्रित आवृत्तीत कितवं पान. आणि विषयाचं वर्गीकरण, म्हणजे राजघराणं, परराष्ट्र, गुन्हे, आकाशातले चमत्कार वगैरे. ज्याला कोर्टात कागद दाखवायचा असतो त्यालाच या टिपेची किंमत कळेल.

आता चाचणी. मी पहिली नोंद उघडली थेजोंग राजाची, १४०४ ची. राजा हरणाच्या मागे घोडा फेकत होता, घोडा कोलमडला, राजा खाली पडला. लागलं नाही. उठल्या उठल्या आजूबाजूला बघून म्हणाला, 'हे इतिहास लिहिणाऱ्याला कळू देऊ नका.' आणि हे वाक्यसुद्धा लिहिलेलं आहे! सहाशे वर्षांनी साताऱ्यात बसलेल्या बाईला कळलं, तिथे लपवायचं राहिलं काय?

या राजाला इतिहासकारांनी अगदी सळो की पळो केलं होतं. मिन इन-सेंग नावाचा एक जण राजाच्या खासगी बैठकीतही शिरू पाहायचा. इथे येऊ नकोस म्हटल्यावर त्याचं उत्तर असं की मी सरळ लिहिलं नाही तर वर आभाळ आहे. पुढे त्याला हद्दपार केलं. पण नियम राजापेक्षा मोठा ठरला. राजा जिवंत असेपर्यंत टिपणं इतिहासकारांकडे, राजा गेल्यावर त्यांवरून शिल्लोक तयार व्हायची आणि नव्या राजानंही ती उघडायची नाही. १४३१ साली सेजोंगनं, म्हणजे ज्यानं कोरियन लिपी दिली त्यानं, बापाची, म्हणजे याच थेजोंगची, शिल्लोक बघायला मागितली. मंत्र्यांनी नाही म्हटलं. तुम्ही पाहिलीत तर पुढचे राजे बदलायला लावतील आणि लिहिणारे घाबरतील, असं कारण दिलं. त्यानं ऐकलं. १४३८ ला पुन्हा मागितली, पुन्हा नकार. याच्या उलट पुढचा राजा योनसानगुन: १४९८ ला त्याच्यापर्यंत एका इतिहासकाराच्या टिपणातला मजकूर पोचला आणि त्यापायी माणसं मारली गेली. शिल्लोक तयार झाली की कच्ची टिपणं राजधानीच्या उत्तरेला सेगॉमजॉंगच्या ओढ्यात धुऊन टाकायचे आणि कागद पुन्हा लगद्याला द्यायचे. वाचून माझ्या पोटात गोळा आला. मला ती टिपणंच हवी होती!

मग हत्ती. हत्तीसाठी मी अख्खी संध्याकाळ घालवली आणि त्याचं जराही वाईट वाटत नाही. शोधचौकटीत हत्तीचा कोरियन शब्द टाका, नोंदी आपोआप रांगेत लागतात. १४११ मध्ये जपानच्या आशिकागा योशिमोचीनं थेजोंगला हत्ती भेट पाठवला. देशात हत्ती कुणी पाहिलेला नाही. रोज चार-पाच मापं सोयाबीन खातो, एवढी नोंद लगेच, कारण खर्च कुणाच्या माथी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून. १४१२ मध्ये यी उ नावाचा एक माजी अधिकारी बघायला आला, काय हे ध्यान म्हणून हसला, थुंकला. हत्तीनं त्याला तुडवून मारलं. १४१३ मध्ये युद्धमंत्री म्हणतो, माणूस मारला म्हणजे कायद्यानं देहदंड हवा, शिवाय खातो फार, तेव्हा याला दक्षिणेतल्या बेटावर सोडा. राजा हसला आणि तसं करा म्हणाला. सहा महिन्यांनी जोल्ला प्रांताचा सुभेदार लिहितो की हत्ती बेटावरचं गवत खात नाही, रोडावलाय, माणूस दिसला की डोळ्यांतून पाणी काढतो. राजाला दया आली, परत आणवला. १४२० येईतो राज्य सेजोंगचं झालेलं, आणि सुभेदार हात जोडतोय: आमच्या एकट्यावर हे ओझं नको, तीन प्रांतांनी पाळीपाळीनं पोसावा. १४२१ मध्ये छुंगछॉंग प्रांताचा सुभेदार कळवतो की राखणदार लाथेनं मेला, वर्षाला तांदूळ ४८ सॉक (धान्याचं मोठं माप) आणि सोयाबीन २४ सॉक लागतात, परत बेटावरच पाठवा. सेजोंगचा हुकूम: चारापाणी चांगलं असेल तिथे सोडा आणि आजारानं मरू देऊ नका.

दहा वर्षांची ही फाइल. टोलवाटोलवी, खर्चाचे आकडे, मधूनच एक दयाळू ओळ. पेशवे काळातला कुठलाही कारकून हे वाचून म्हणेल, अगदी आमच्यासारखंच चाललंय.

मालिका पाहणाऱ्यांनी 'जांगगुम' शोधावं. राजवैद्य बाईच्या आयुष्यावर तासन्‌तास मालिका निघाली, आणि शिल्लोकमध्ये तिच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १५४४ साली आजारी राजा जुंगजोंग म्हणतो, माझं दुखणं वैद्यबाईला ठाऊक आहे. तेवढ्या ओळीवर इमला. सरकारी दासींना बाळंतपणाची शंभर दिवस रजा, पुढे बाळंतपणाआधी महिनाभर आणि १४३४ मध्ये नवऱ्यालाही तीस दिवस, हे सेजोंगचे हुकूमही इथेच सापडतात.

हे सगळं टिकलं कसं? तेही सांगायला हवं, कारण संकेतस्थळ हा त्याच जुन्या व्यवस्थेचा नवा मजला आहे. शिल्लोकच्या प्रती पूर्वीपासून चार ठिकाणी ठेवत: राजधानी, छुंगजू, सॉंगजू आणि जॉंजू. १५९२ ला जपानी सैन्य आलं आणि पहिल्या तिन्ही जळाल्या. जॉंजूची प्रत वाचली ती साठी ओलांडलेला आन उई आणि पंचावन्नच्या घरातला सोन होंग-नोक या दोन पंडितांमुळे. त्यांनी पेट्या नेजांगसानच्या डोंगरात हलवल्या, वर्षभर आळीपाळीनं पहारा दिला आणि पहाऱ्याचीसुद्धा रोजनिशी ठेवली. युद्ध संपल्यावर नव्यानं छपाई करून प्रती राजधानीत आणि दूरदूरच्या डोंगरांवर ठेवल्या, देखरेखीला जवळच्या मठांतले भिक्षू. दर दोन-तीन वर्षांनी पुस्तकं बाहेर काढून उन्हावाऱ्यात वाळवायची आणि त्याची यादी करायची. पेटीत कीड लागू नये म्हणून औषधी मुळ्यांची पूड, त्यात वेखंड! आमच्या घरच्या पोथ्यांच्या बासनातही आजीनं वेखंडच ठेवलं होतं.

ओदेसान डोंगरावरच्या प्रतीची कथा मात्र वाईट. १९१३ मध्ये ती तोक्योच्या विद्यापीठात नेली, १९२३ च्या भूकंपात बहुतेक जळाली. उरलेली पुस्तकं टप्प्याटप्प्यानं परत आली, शेवटची मोठी खेप २००६ मध्ये ४७ पुस्तकांची. आता ती ओदेसानच्या पायथ्याशी नव्या संग्रहालयात आहेत. जोकसांगसानची प्रत कोरियन युद्धात उत्तरेकडे गेली. उत्तर कोरियानं तिच्यावरून आपलं वेगळं भाषांतरही पुरं केलं. थेबेकसानची प्रत बुसानला सरकारी दफ्तरात आहे, जॉंगजोकसानची सोल विद्यापीठात. सगळी अंडी एका टोपलीत नाहीत, एवढं पक्कं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. दरबारात गट बदलला की नव्या गटाला जुनी शिल्लोक खोटी वाटायची. मग ते दुरुस्त शिल्लोक लिहीत, पण जुनी फाडत नसत. सॉन्जो राजाच्या दोन आहेत, ह्यॉन्जोंगच्या दोन, ग्यॉंगजोंगच्या दोन. संकेतस्थळावर दोन्ही उघडी. एकाच माणसावर दोन गटांचे शेरे आलटून पालटून वाचायची मजा वेगळीच. 'इतिहासकार म्हणतो' या शब्दांनी सुरू होणाऱ्या टिप्पण्या वेगळ्या शोधून बघा, काही इतक्या खवचट आहेत की आपल्याकडच्या जुन्या संपादकांची आठवण यावी. पदच्युत राजांच्या बखरीला मात्र शिल्लोक न म्हणता नुसती 'रोजनिशी' म्हटलंय, हा राग इतक्या वर्षांनीही तसाच आहे.

आता गुण कापते. कोरियन येत नसेल तर दार जवळजवळ बंद. इंग्रजी भाषांतराचं काम सेजोंगपासून सुरू झालंय, ते वेगळ्या पानावर आहे आणि अजून फार थोडं आहे. ब्राउझरचं यंत्र-भाषांतर मराठीत लावून पाहिलं. पदनामं, माणसांची नावं आणि हत्ती सगळे एकमेकांत मिसळतात, त्याच्या नादी लागू नका. भाषांतराची कोरियनही जुन्या वळणाची आहे, तरुण कोरियनांनाही ती जड जाते, म्हणून नव्यानं करायचं काम चालू आहे. तारखा चांद्र महिन्यांच्या. आम्हाला शुद्ध-वद्याची सवय असल्यानं नवल वाटलं नाही, पण इंग्रजी तारीख गृहीत धरणाऱ्यांची गल्लत होईल. कोजोंग आणि सुन्जोंग या शेवटच्या दोन राजांच्या बखरी जपानी अंमलात लिहिल्या गेल्या, युनेस्कोच्या नोंदीत त्या नाहीत. संकेतस्थळ त्या वेगळ्या दाखवतं, पण शोधनिकालात हे भान आपणच ठेवायचं.

माझी मोठी तक्रार मात्र संकेतस्थळाविषयी नाही. शिल्लोक ही शेवटी निवडून, घासूनपुसून केलेली बखर. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते थोर काम आहे, पण पेशवे दफ्तर म्हणजे ते ४५ खंड नव्हेत. तसंच हे. ज्याला कच्चा माल हवा त्यानं शेजारच्या संकेतस्थळावर जावं, तिथे 'सुंगजॉंगवॉन इल्गी' आहे. राजाच्या सचिवालयाची रोजची नोंद, १६२३ पासून पुढची ३,२४३ पुस्तकं, अक्षरं चोवीस कोटींच्या वर. कोण आलं, कोण रजेवर गेलं, राजा काय बोलला, आणि रोजची हवा. तिचं कोरियन भाषांतर अजून फार मागे आहे, आता यंत्राची मदत घेतात म्हणे. मला तिथे चिनी अक्षरं एकेक फोडत बसावं लागतं, वेग अगदी गोगलगायीचा.

सुरुवात करणाऱ्यांना एकच सुचवते. शोधचौकटीत एकदम राजाचं नाव टाकू नका, हजारो नोंदी अंगावर येतात. पाऊस, टोळ, वाघ, मीठ असला एखादा साधा शब्द घ्या, एकच राजा निवडा आणि नोंदी तारखेच्या क्रमानं लावा. आणि कुठे उद्धृत करणार असाल तर राजा, वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाची कितवी नोंद एवढं लिहून ठेवा. तळाची बारीक टीपही सोबत उतरवा.