लाडकी बहीण की रोजगार हमी: कराचा पैसा कुठे जावा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार. हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे गावात काम मागेल त्याला मजुरीचं काम देण्यासाठी, पैसा उभा करायला, हे आज फार कमी जणांना ठाऊक असतं. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुरीचा भार उचलायचा, असा तो उघड व्यवहार होता. ‘आमच्या करावर फुकट वाटप चाललंय’ अशी चीड ज्यांना येते, त्यांनी कुठल्या योजनेवर रागवायचं आणि कुठल्या योजनेच्या पाठीशी उभं राहायचं हे ठरवताना सुरुवात इथून करावी.

महिलांच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये देणारी लाडकी बहीण योजना जून 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी जाहीर झाली. वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज, पण त्यासाठी वेगळा कर सांगितला गेला नाही. मग पैसा कुठून आला? 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिकडे वळवला गेला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे झळ नुसती करदात्याला बसली नाही. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जे खातं आहे, त्याच्याही ताटातलं गेलं. मला या योजनेबद्दलची सगळ्यात गंभीर तक्रार हीच वाटते.

आता हिशेब मांडू. महिन्याला 1,500 म्हणजे वर्षाला 18,000 रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. म्हणजे एका बहिणीचं वर्षभराचं अनुदान हे साधारण 58 दिवसांच्या मजुरीइतकं होतं. व्यवसाय कराच्या भाषेत सांगायचं तर सात जणांचा वर्षभराचा कर एका बहिणीच्या खात्यात जातो. पण 58 दिवसांच्या मजुरीसोबत गावात एखादा बांध, विहीर, शेततळं उभं राहतं. 1990 पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, काजू, डाळिंब आलं. त्या झाडांचं उत्पन्न सरकारी मदत संपल्यावरही चालू राहिलं.

दुसरा फरक निवडीचा. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मोठी झालेली रोजगार हमी गरजू कोण हे विचारतच नाही. एप्रिलच्या उन्हात माती उचलायला ज्याला गरज आहे तोच येतो. लाडक्या बहिणीसाठी मात्र अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, चारचाकी नको, घरात आयकर भरणारा नको, अशा अटी आहेत आणि अर्ज घेताना त्या नीट तपासल्या गेल्या नाहीत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला नाही. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली, तेव्हा 26 लाखांहून अधिक लाभार्थी संशयात सापडले. त्यांत दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिला निघाल्या आणि सुमारे 14 हजार पुरुषांच्या खात्यातही पैसे गेल्याचं उघड झालं. करदात्याचा राग इथे पूर्ण रास्त आहे. फक्त तो धुणीभांडी करणाऱ्या बाईवर न निघता, डोळे मिटून अर्ज मंजूर करणाऱ्या यंत्रणेवर निघायला हवा. साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज घेताना जीएसटी तीही भरतेच.

रोजगार हमी धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. खोटी हजेरीपत्रकं, कागदावरचे बंधारे, यंत्राने काम करून मजुरांच्या नावावर दाखवणं, हे गावोगावी ऐकू येतं. मजुरी वेळेवर मिळत नाही हे त्याहून वाईट, कारण तो हातावर पोट असलेल्या माणसाचा पैसा आहे. आणि जी बाई आजारी आहे, बाळंतीण आहे, साठीला टेकलीय, तिला खोदकाम देऊन काय उपयोग? इथे रोख मदतीची बाजू खरोखर भक्कम आहे. पैसा थेट बाईच्या खात्यात जातो, मधे मुकादम नाही, आणि औषधाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. लाडकी बहीणमधलं हे यश मी मनापासून मानतो.

हक्काच्या बाबतीत मात्र दोन्हींत मोठं अंतर आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1979 पासून अमलात आला. काम मागितलं की सरकारवर बंधन येतं. लाडकी बहीण शासन निर्णयावर चालते, म्हणजे निवडणुकीत कबूल केल्याप्रमाणे रक्कम 2,100 होईल की नावच कापलं जाईल, हे त्या वेळच्या सरकारच्या हातात. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीचा केंद्रीय कायदाही बदलला. वर्षाला हमीच्या कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, पण खर्चाचा 40 टक्के वाटा राज्यावर आला. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्र उचलत होतं. एकाच तिजोरीतून आता दोन्ही योजना ओढल्या जाणार, म्हणून ही निवड नुसती चर्चेची राहिलेली नाही.

माझा कौल असा: धडधाकट माणसाला काम, आणि ते हक्काने. रोख पैसा जिला काम करणं शक्यच नाही तिला, आणि तिला भरपूर. यासाठी नवी योजना लागत नाही, संजय गांधी निराधार योजना आहेच. तिथे विधवा, परित्यक्ता, निराधारांना 2023 मध्ये 1,500 रुपये लागू झाले, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं ही अट तशीच राहिली. बहिणीला अडीच लाखांपर्यंत चालतं, निराधार विधवेला 21,000 पर्यंतच. आमदार मत मागायला दारात आले की 2,100 कधी देणार हे विचारण्याआधी ही 21,000 ची अट कधी काढणार, हे विचारा.