थाइसमन आणि स्मिथ : एकाच तारखेला मोडलेले दोन पाय

जो थाइसमन आणि अ‍ॅलेक्स स्मिथ, दोघेही अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉशिंग्टनच्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारे, चेंडू फेकणारे खेळाडू. दोघांच्याही उजव्या पायाची नडगीची दोन्ही हाडं मोडली, तीही १८ नोव्हेंबरलाच. दोन्ही सामन्यांत गुणफलक २३-२१. कादंबरीत लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही!

१९८५ मध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या लॉरेन्स टेलरनं पाडलं तेव्हा जो थाइसमन ३६ वर्षांचा होता. हाड कातडी फाडून बाहेर आलं. पाय जुळला, पण आखूड राहिला. तो पुन्हा खेळलाच नाही.

२०१८ मध्ये अ‍ॅलेक्स स्मिथला दुखापत झाली तेव्हा थाइसमन स्वतः स्टेडियममध्ये होता. स्मिथचे हाल मात्र मोडण्यानं नव्हे, नंतरच्या जंतुसंसर्गानं केले. मांस सडू लागलं, पाय कापायचा की काय अशी वेळ आली, जिवावरच बेतलं. १७ शस्त्रक्रिया झाल्या. जखमी सैनिकांसाठीच्या केंद्रात तो पुन्हा चालायला शिकला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मैदानात उतरला. त्या हंगामात ज्या सहा सामन्यांत तो पहिल्यापासून खेळला, त्यांपैकी पाच संघानं जिंकले. पुनरागमनाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

म्हणून थाइसमन कमी जिद्दीचा होता, असं मी म्हणणार नाही. वय आणि त्या काळचं वैद्यक, दोन्ही त्याच्या विरोधात होतं.