एक्सपल्स २०० फोर-व्ही प्रो: जांबोटीकडच्या राडीत दोन पावसाळे काढल्यावर

परवा खानापूरच्या पेट्रोल पंपावर माझी हीरोची एक्सपल्स मोटरसायकल बघून एका पोरानं विचारलं, "दादा, ही गाडी झाडीत नीट चालती काय, आणि कधी ट्रॅकवर उड्या मारायच्या म्हटलं तर झेपती काय?" मागं रांग लागलेली, त्यामुळं त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. मी स्वतः २०२३ मध्ये हाच प्रश्न घेऊन बेळगाव, कोल्हापूर, पणजी असा फिरत होतो आणि जो तो आपापलीच गाडी पुढं करत होता.

पहिलं म्हणजे आपल्याकडं झाडीत गाडी चालवायची म्हणजे नेमकं कुठं ते बघा. खानापूर-जांबोटी पट्टा आणि पलीकडं चंदगड, इथं काजूच्या बागा, बैलगाडीच्या पाणंदी, ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मधनंच एखादा ओढा आणि सगळीकडं जांभा. उन्हाळ्यात जांभ्याची बारीक खडी चाकाखाली गोट्यांसारखी पळते आणि पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरलं की बर्फावर आल्यासारखं होतं. काजूच्या फांद्या छातीच्या उंचीला असतात, मुळं वर आलेली असतात, वेग कधी पंधरा-वीसच्या वर जात नाही, पहिला आणि दुसरा गिअर एवढंच काम. इथं पॉवर किती याला फार अर्थ नाही. एका रविवारात गाडी पाच-सहा वेळा तरी पडते, आणि पाचव्या वेळी राडीतनं उचलताना कंबर जे सांगते ते कुठल्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून मी आधी वजन बघतो, मग सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती मला मनापासून लागते. झाडी म्हणजे भीमगड नव्हे. भीमगड वन्यजीव अभयारण्य आहे, २०११ ला जाहीर झालंय, १९० चौरस किलोमीटर, तिथं परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात पण तेच. आम्ही ओळखीच्यांच्या बागेत जातो, मालकाला आदल्या दिवशी फोन करतो, काजूच्या मोहोराच्या दिवसांत जातच नाही आणि रोपलावण चालू असताना बांधावरनं चाक नेत नाही. गवे समोर आले तर इंजिन बंद करून गप उभं राहायचं, ते जाईपर्यंत. एकानं हॉर्न वाजवत सायलेन्सरचा आवाज केला की पुढच्या वर्षी त्या गावात कुणालाच वाट मिळत नाही.

आता गाडी. एक्सपल्स फोर-व्ही साधी आणि प्रो अशा दोन प्रकारांत येते, माझी प्रो. घेतली तेव्हा एक्स-शोरूम १ लाख ६४ हजारांच्या घरात होती. साध्या फोर-व्हीला पुढं १९० आणि मागं १७० मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे चाक वर-खाली जायला मिळणारी जागा) आहे, प्रोला २५० आणि २२०, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, २७० आणि पुढचं सस्पेन्शन ॲडजस्ट करता येतं. हे आकडे वाचून मला आधी वाटलं होतं की एवढ्याशा फरकासाठी जास्त पैसे कशाला द्यायचे, पण पाणंदीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर साधी गाडी पोटावर टेकते आणि प्रो वरनं निघून जाते, आणि हे दिवसातनं तीस वेळा होतं. इंजिन तेच, १९९.६ सीसी, ऑइल कूल्ड, ताकद १९ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास. घाटात चारचाकीला ओव्हरटेक करताना दम कमी वाटतो हे खरं, चोर्ला घाटाच्या चढाला तर नक्कीच, पण काजूच्या बागेत हीच मऊ ताकद हातात राहते, क्लच थोडा सोडला की मागचं चाक भिरभिरत नाही, पकड घेतं. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) तीन मोड आहेत, त्यात रॅली मोडला एबीएस पूर्ण बंद होतं. ओल्या उतारावर मी तोच लावतो, मागचं चाक लॉक करून वळवता येतं.

वजन मात्र १६० किलोच्या आसपास आहे आणि सीट ८९१ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट आठ इंच, सपाटीला दोन्ही पायांची बोटं टेकतात. गेल्या वर्षी जुलैत जांबोटीच्या अलीकडं एका बागेत चढावर गाडी थांबली, मी घाईनं उताराच्या बाजूला पाय टाकला, तिथं जमीनच नव्हती, गाडीसकट खाली दहा फूट गेलो. चूक माझीच, चढावर थांबायची वेळ आली तर पाय वरच्या बाजूला टाकायचा हे मला माहीत होतं. पण नवीन शिकणाऱ्याला आणि उंची कमी असणाऱ्याला मी सांगेन की आधी साधी फोर-व्ही चालवून बघ, तिची सीट ८२५ आहे, आणि दोन्हीतलं अंतर पायाला लगेच कळतं.

माझ्या आतेभावाकडं कावासाकी केएलएक्स २३० आहे. त्यानं घेतली तेव्हा ३ लाख ३० हजार एक्स-शोरूम होती, तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, नंतर किंमत दोन लाखांच्या आत आली आणि आता तीच गाडी वेगळ्या नजरेनं बघायला पाहिजे. २३३ सीसी, एअर कूल्ड, ताकद जवळपास माझ्या गाडीएवढीच, पण वजन १३९ किलो. वीस किलोचा फरक ऐकायला काही नाही, म्हणजे तांदळाचं एक पोतं पण नाही, पण दोन खोडांच्या मधनं गाडी फिरवून परत मागं काढायची असते तेव्हा तो सगळा फरक मनगटात येतो. आम्ही एकाच चढावर गाड्या बदलून बघितल्या, ओलं शेवाळ, मधे दोन आडवी मुळं. माझ्या गाडीवर मला तीनदा प्रयत्न करावा लागला आणि त्याच्यावर पहिल्याच फेरीत वर. आतेभाऊ वर उभा राहून ओरडला, "बघ की, मी काय सांगालतो!" बरोबर सांगत होता तो. झाडीपुरतं बोलायचं तर केएलएक्स माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे, हे माझीच गाडी असून सांगतो.

मग मी बदलली का नाही? कारण मी बेळगावातनं गाडी चालवतच जातो, तिकडं पाच तास घालवतो आणि चालवतच परत येतो. केएलएक्सची टाकी साडेसात लिटरची, माझी तेरा लिटरची, सीट तिची अरुंद आणि कडक, हायवेला अर्ध्या तासात उभं राहावंसं वाटतं. शिवाय मी रोज उद्यमबागला, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, याच गाडीनं कामाला जातो. ज्याच्याकडं रोजची दुसरी गाडी आहे आणि ज्याचं गावच खानापूर तालुक्यात, दारातनं पाणंद सुरू होते, त्यानं डोळे झाकून केएलएक्स घ्यावी.

केटीएम ३९० एन्ड्युरो आर पण चालवून बघितली, मित्राची आहे. ४६ पीएस, १७७ किलो. मोकळ्या माळावर आणि घाटात मजा जबरदस्त, तिसऱ्या गिअरला थ्रॉटल दिला की मागचं चाक आपसूक घसरायला लागतं आणि माणूस हसायला लागतो. पण काजूच्या बागेत एवढी ताकद ओल्या मुळावर आली की सावरायला हात तयार पाहिजे, माझे नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या आतल्या दुचाकीला जीएसटी १८ टक्के झाला आणि वरच्याला ४० टक्के, हे पण घेताना मोजा. त्यावर आपल्या कर्नाटकात रोड टॅक्स, लाखाच्या वरच्या दुचाकीला १८ टक्के. कोल्हापूरची एमएच-०९ नंबरची सेकंड हँड गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात, मी पण एक बघितली होती, पण इथं बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून बेळगावचा केए-२२ नंबर करून घ्यावा लागतो, इथला टॅक्स भरावा लागतो, ते सगळं धरलं की स्वस्ताई बरीच उतरते. व्यवहार करायच्या आधीच ते विचारून घ्या.

आता उड्यांचं. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे टाकून होणाऱ्या उड्यांच्या शर्यतींची, पहिली फेरी झाली, ती बघायला आम्ही चौघं गेलो होतो आणि परत येताना चौघांच्या पण डोक्यात एकच, आपण पण २५० सीसीची मोटोक्रॉस, म्हणजे फक्त ट्रॅकवरच्या उड्यांसाठी बनवलेली गाडी, घ्यायची. नशिबानं कागलजवळ एका मित्राकडं तशी गाडी आहे, त्यानं पडीक शेतात जेसीबीनं उंचवटे टाकून घेतलेत, आणि त्यानं मनापासून आम्हाला चालवायला दिली. वजन शंभर-सव्वाशेच्या मधे, ट्रॅव्हल तीनशे मिलिमीटर, उडी मारून खाली आलं तरी मांडीखाली काही जाणवत नाही, एवढं ते सस्पेन्शन कडक आणि खोल. पण तीच गाडी आम्ही शेजारच्या झाडीत नेली आणि वीस मिनिटांत सगळं कळलं. हळू वेगात ते कडक सस्पेन्शन दबतच नाही, प्रत्येक मुळावर पुढचं चाक उडतं, पहिला गिअर उंच असल्यामुळं क्लच सतत दाबून ठेवायचा, इंजिन बंद पडतं, पंखा नाही म्हणून रेडिएटर उकळतो. हेडलाइट नाही, स्टँड नाही, आरटीओत नोंद होत नाही म्हणजे रस्त्यावर आणताच येत नाही, पिकअप पाहिजे. आणि सर्व्हिस किलोमीटरवर नाही तर तासांवर, मित्र वहीत तास लिहून ठेवतो, पाच-सहा तासांला ऑइल, पिस्टन पण तासांवर. नवीन घ्यायची तर सात-आठ लाख. ज्याला दर आठवड्याला ट्रॅकवर जायचंय त्याच्यासाठी ती योग्य आहे. वर्षातनं चार वेळा उड्या मारणाऱ्यासाठी नाही.

कागलच्या ट्रॅकवर मी प्रो पण नेली. छोटे टेबलटॉप, म्हणजे वरनं सपाट असलेले उंचवटे, ती आरामात घेते, दोन्ही चाकं एकदम टेकवली तर काही त्रास नाही. मोठ्या उडीला १६० किलो खाली येतं तेव्हा मागचा शॉक तळाला लागतो, तो आवाज ऐकला की थांबायचं, एवढं शहाणपण असेल तर अधनंमधनं मोटोक्रॉस या गाडीवर नक्की होतं. मला ते पुरतं.

गाडीवर मी काय काय केलं ते विचारतात म्हणून सांगतो. सायलेन्सरवर एक रुपया घातला नाही. उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडनं इंजिनला दगड लागू नये म्हणून खाली बसवायची ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमची बॅश प्लेट वाकवून घेतली, ऑइल काढायला भोक ठेवून. आपल्या गावात लेथ आणि फाउंड्रीवाले एवढे आहेत की असली कामं बाहेरनं मागवायची गरजच नाही, फक्त पुठ्ठ्याचा साचा आपण कापून न्यायचा. हँडगार्ड पाहिजेतच, करवंदीच्या जाळीत बोटं सोलून निघतात. मागं नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचा टायर, झाडीत शिरताना हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो आणि रस्त्याला लागायच्या आधी परत भरतो, हातपंप बॅगेत असतो. ट्यूब एकच न्यायची तर २१ इंची पुढची न्या, अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात पण बसते, मी दोनदा बसवून घरी आलोय. शॉक आपल्या वजनाला लावून घ्या, जॅकेट-बूट घालून गाडीवर बसलं की मागची बाजू ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश बसली पाहिजे, प्रोला म्हणजे सत्तर मिलिमीटरच्या आसपास, टेप धरायला एक माणूस लागतो बस.

एअर फिल्टर मात्र स्वतः साफ करायचा. एका गॅरेजवाल्यानं मला "केलाय साफ" म्हणून सांगितलं आणि घरी उघडला तर आत तांबडी माती तशीच. तेव्हापासून दर राइडनंतर मीच काढतो, आई म्हणते भांडी घासायच्या जागी गाडीचं सामान आणू नको, म्हणून आता मागच्या नळावर.

आणि पैसे उरले तर शिकण्यावर घाला. सी. एस. संतोष, २०१५ ला डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय, त्याचा कोलारला डर्टपार्क आहे, म्हणजे मातीत गाडी चालवायला शिकवायची जागा. लांब पडतं, बेंगळुरूच्याही पलीकडं, पण मी येत्या उन्हाळ्यात रजा टाकून जाणार आहे, आतेभाऊ पण येतोय. त्या पंपावरच्या पोराला परत भेटलो तर त्याला पण विचारणार आहे.