डिस्कॉर्ड सोडल्यावर: अभिवाचन गटाला मंबल आणि झुलिप कसे वाटले?

निकाल आधीच सांगून टाकते. डिस्कॉर्डची (गेम खेळणाऱ्यांसाठी निघालेलं, बोलायचं आणि लिहायचंही ॲप) जागा घेईल असं एकच ॲप आम्हाला मिळालं नाही, आणि ते शोधणंही आता सोडून दिलंय. बोलायला मंबल, लिहायला झुलिप. दोन ॲप म्हटल्यावर गटात कुरकुर झाली, पण काही महिन्यांनंतर घडी बसली आहे.

आमचा गट अभिवाचनाचा. साठेक माणसं, त्यातली वीसेक नेमाने येणारी. निम्मी पुणे, सांगली, रत्नागिरीकडची. बाकीची जर्मनी, लंडन, न्यू जर्सी. शनिवारी रात्री तालीम (न्यू जर्सीकरांची तेव्हा सकाळ असते, चहाच्या कपांचा आवाज येतो), अधूनमधून पूर्ण वाचन आणि त्याचं ध्वनिमुद्रण. म्हणजे खेळ खेळणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या, आमच्या वेगळ्या. आम्हाला स्क्रीन दाखवायची नसते, व्हिडिओही नको. आवाज स्वच्छ हवा, संहितेवर झालेली चर्चा महिन्याभराने सापडायला हवी, आणि सत्तरी ओलांडलेल्या काकांना ते फोनवर स्वतःचं स्वतः उघडता यायला हवं.

मग डिस्कॉर्ड का सोडलं? आवाजासाठी तर नक्कीच नाही. तिथलं व्हॉइस चॅनेल मुळात ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ हजार बिट) चालतं, फुकटात ९६ पर्यंत नेता येतं, आणि ऑपस या आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकला माणसाच्या बोलण्यासाठी ६४ भरपूर झाले. २०२४ पासून तिथल्या आवाज-व्हिडिओला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही (बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांखेरीज कुणालाच, कंपनीलाही, उघडता येत नाही असं कुलूप) यायला लागलं. लेखी संदेशांना मात्र ते नाही. त्याच वर्षी फुकट खात्यांची फाइलची मर्यादा २५ एमबीवरून १० वर आली. ध्वनिमुद्रणं पाठवणाऱ्यांना हे लगेच टोचतं. पण गटाचं मत फिरलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. वय पडताळणीशी संबंधित तक्रारींसाठी लोकांनी दिलेल्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो एका बाहेरच्या पुरवठादाराकडून फुटले, आणि सुमारे ७०,००० जणांची छायाचित्रं त्यात असू शकतात असं डिस्कॉर्डनेच जाहीर केलं. आमच्यापैकी कुणाकडे ओळखपत्र मागितलं गेलं नव्हतं. तरी एक मावशी म्हणाल्या, "उद्या आधार दाखवून नाटक वाचायचं का?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता मंबल. हे २००५ पासूनचं, मुक्त स्रोत (कोड कुणालाही पाहता-बदलता येतो), आणि दिसायलाही अगदी त्याच काळातलं. पहिल्यांदा उघडल्यावर कुणाचंही तोंड वाकडं होईल. पण आवाज! बोललेलं समोरच्याला किती पटकन पोचतं याला मंबलमध्ये सगळ्यात जास्त महत्त्व आहे, आणि संवादफेकीत तो फरक कळतो. आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो, त्यातल्या एका पॅकेटमध्ये १० मिलिसेकंदांचा आवाज भरायचा की ६०, हेसुद्धा तुम्ही ठरवता. कमी ठेवलं तर उशीर घटतो पण डेटा जास्त जातो. रत्नागिरीकडच्या कमकुवत नेटवर्कवर थोडं वाढवून ठेवलेलं बरं. डेटाची भीती मात्र बाळगू नका. ६४ केबीपीएस म्हणजे तासाला २९ एमबीच्या आसपास, पॅकेटांचं ओझं धरून चाळीसेक. गप्प बसलेला माणूस काहीच पाठवत नाही. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये अख्खी तालीम आरामात बसते.

अभिवाचन करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करावी, ॲप कुठलंही असो: नॉइज सप्रेशन बंद. पंखा आणि कुकरची शिट्टी गाळणारं हे यंत्र उसासा, कुजबुज आणि टाळही गाळतं. दुसरी गोष्ट, आवाज ओळखून आपोआप माइक उघडण्याची सोय. हळू सुरू होणाऱ्या वाक्यात पहिलं अक्षर कापलं जातं, "हो, आलेच" मधला "हो" गायब. मंबलमध्ये यासाठी दोन वेगळ्या पातळ्या आहेत: किती आवाजाला माइक उघडायचा आणि किती शांततेला मिटायचा. शिवाय मिटण्याआधी किती थांबायचं तेही ठरवता येतं. हे जुळवण्यात आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली आणि मला ती वाया गेली असं वाटत नाही. ज्यांना जमलं नाही ते बटण दाबून बोलतात.

खरी मेजवानी ध्वनिमुद्रणात आहे. मंबलच्या संगणकावरच्या आवृत्तीत मुद्रण आतच आहे, आणि प्रत्येक वाचकाची वेगळी फाइल मिळते. कुणी मुद्रण सुरू केलं की बाकीच्यांना तसं कळतं. डिस्कॉर्डवर हेच काम करायला क्रेग नावाचा बॉट (आपोआप काम करणारं खातं) बोलवावा लागायचा. वेगळ्या फाइली म्हणजे एकाच्या खोकल्यासाठी दुसऱ्याचा संवाद कापायला नको. अर्थात नेटवर्कमध्ये जे गळलं ते मुद्रणातही गळलेलंच असतं, म्हणून महत्त्वाच्या वाचनाला प्रत्येक जण आपापल्या फोनवरही मुद्रण करतो आणि सुरुवातीला सगळे एकेक टाळी वाजवतात, फाइली जुळवायला.

एकत्र म्हणायचं काही असेल, नांदी वगैरे, तर मात्र कुठल्याच ॲपकडून आशा ठेवू नका. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. मुंबईहून जर्मनीला आवाज जाऊन परत यायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, अमेरिकेला त्याच्या दुपटीने. समूहस्वर वेगवेगळे मुद्रित करून जोडावे लागतात.

सर्व्हर घरीच ठेवावा असा एका उत्साही सदस्याचा बेत होता. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आणि मोबाइल जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घरक्रमांक) नसतो, एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. शेवटी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्वांत छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. मंबलला तेवढा पुरून उरतो. ६४७३८ हा पोर्ट (सर्व्हरचं दार) टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडायला विसरू नका. यूडीपी अडला तरी आवाज टीसीपीवरून येतो, पण रेंगाळत.

मंबलची उणीवही सांगते. तिथे लेखी गप्पांचा इतिहास राहत नाही. तुम्ही नव्हतात तेव्हा लिहिलेलं तुम्हाला दिसणार नाही. ओळख पासवर्डऐवजी प्रमाणपत्रावर (ॲपमध्ये साठवलेल्या ओळखीच्या फाइलवर) चालते, त्यामुळे फोन बदलण्याआधी ते बाहेर काढून ठेवावं लागतं. काकांना हे समजावण्यापेक्षा मी त्यांची नोंदणी पुन्हा करून देते, पाच मिनिटांचं काम. अँड्रॉइडवर मम्ला हे ॲप चांगलं आहे. आयफोनवाल्यांनी मात्र संगणक वापरावा.

लिहिण्यासाठी झुलिप. यात प्रत्येक संदेश चॅनेलमधल्या एखाद्या विषयाखालीच जातो. 'संहिता' चॅनेलमध्ये 'अंक दुसरा, उच्चार' हा एक विषय, 'सूत्रधार कोण' हा दुसरा. जर्मनीतली मंडळी सकाळी उठून फक्त आपल्या कामाचा विषय वाचतात. चर्चा मिटली की विषयावर बरोबरची खूण करता येते, भरकटलेले संदेश उचलून दुसऱ्या विषयात नेता येतात. सुरुवातीला फुलांसकट सुप्रभात कुठेही उगवायचं. मग 'सुप्रभात' असा विषयच काढून दिला. ज्यांना नको त्यांनी तो म्यूट केला, आणि कुणाचं मन दुखावलं नाही.

मराठीपुरती एक अडचण खरी आहे. शोधाला आपले विभक्तिप्रत्यय कळत नाहीत. 'तालीम' शोधलं तर 'तालमीला' सापडत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर पीग्रूंगा हे शोधाचं जोडसॉफ्टवेअर बसवलं तर इंग्रजीखेरीजच्या भाषांतला शोध सुधारतो. आम्ही झुलिपच्याच क्लाउडवर आहोत, म्हणून विषयांना नावं देताना शिस्त पाळतो. फुकट योजनेत शेवटच्या १०,००० संदेशांतच शोधता येतं, पण बिगरव्यावसायिक गटांना सवलतीसाठी अर्ज करता येतो. आवाजाची सोय आत नाही, जित्सी या व्हिडिओ कॉलच्या सेवेचा दुवा तेवढा टाकता येतो.

मॅट्रिक्स आणि त्यावरचं एलिमेंट हे ॲप आम्ही बरेच आठवडे वापरलं. कल्पना सुंदर आहे: वेगवेगळ्यांचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, मालक कुणी एक नाही. फायरफॉक्सवालं मोझिला २०२० मध्ये आयआरसी ही जुनी गप्पांची पद्धत सोडून इथे आलं, फ्रान्स सरकारचं संदेशांचं ॲप त्चाप यावरच उभं आहे. पण एन्क्रिप्शन आलं की किल्ल्या सांभाळणं आलं. रिकव्हरी कीसुद्धा हरवली तर जुने संदेश उघडत नाहीत, आणि आमच्यातल्या चौघांनी ती लिहिलेली चिठ्ठी हरवली. शिवाय मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने अडवलेल्या १४ ॲपमध्ये एलिमेंटचं नाव होतं. मॅट्रिक्स हे ॲप नसून प्रोटोकॉल, म्हणजे संदेश पाठवण्याचे ठरलेले नियम असल्याने फ्लफीचॅटसारखी दुसरी ॲप वापरता येतात, पण हे सगळं साठ जणांना कोण समजावणार? पत्रकार किंवा कार्यकर्ते असाल तर मात्र मॅट्रिक्स आधी पाहा.

बाकीच्यांचं थोडक्यात. टीमस्पीकचा आवाज मंबलच्या तोडीचा, पण मुक्त स्रोत नाही आणि फुकट परवान्यात ३२ जणांची मर्यादा. स्लॅकवर फुकटात ९० दिवसांपुढचं दिसत नाही, तिथेच विषय संपला. टेलिग्रामवर २ लाख लोकांचा गट होतो, व्हॉइस चॅटही आहे, पण गटाला एंड-टू-एंड नाही. दिसण्यात डिस्कॉर्डच्या सर्वांत जवळचं रिव्होल्ट, ज्याचं नाव आता स्टोट आहे. त्यावर नजर ठेवून आहे. डिस्कॉर्डसारखंच गिल्डेडही आमच्या यादीत होतं. रोब्लॉक्स या गेम कंपनीने ते २०२१ मध्ये घेतलं आणि २०२५ संपता संपता बंद केलं. तेव्हापासून कुठल्याही सेवेत 'सगळं बाहेर काढून घेता येतं का' हे मी सर्वांत आधी तपासते. झुलिपमध्ये येतं.

आणि हो, व्हॉट्सॲप सुटलेलं नाही. तालमीची वेळ तिथेच जाते, कारण ती सगळ्यांनी वाचलेली असते. सर्व्हरचं भाडं महिन्याला चार-पाचशे रुपये पडतं, ते वर्गणीतून जातं. ज्यांना हिशेब पाहायचा असेल त्यांच्यासाठी झुलिपवर 'वर्गणी' हा विषय आहे; तो अजून कुणी म्यूट केलेला नाही.