क्रीम, बटरक्रीम, फॉन्डंट की गनाश? कोकणातल्या हवेत केक ठरवताना

मे महिना, मुलीचा पहिला वाढदिवस, घरापुढच्या खळ्यात मांडव, केक कापणार संध्याकाळी सात वाजता. आणि मोबाइलवर फोटो येतो तो एसी हॉलमधल्या तीन मजली केकचा. ‘अगदी असाच हवा.’ गुहागरला घरून केक करायला लागल्यापासून मी अशा फोटोला लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, केक येईल तेव्हापासून कापेपर्यंत तो कुठे ठेवणार? आपल्या किनाऱ्यावर सजावट कुठली करायची ते त्या उत्तरावर ठरतं.

सगळ्यात जास्त मागणी क्रीमच्या केकला. आपण ज्याला सर्रास ‘फ्रेश क्रीम’ म्हणतो ते बहुतेक ठिकाणी दुधाचं नसतंच. वनस्पती तेलाचं, गोड केलेलं, गोठवून विकलं जाणारं क्रीम असतं ते. दुधाचं क्रीम घट्ट फेटायला त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो. वाण्याकडे मिळणाऱ्या २५ टक्क्यांच्या पाकिटाने ते जमत नाही. वनस्पती क्रीम त्यापेक्षा तग धरतं, तरी मांडवातल्या उकाड्यात त्याच्या कडा लवकरच बसायला लागतात. ते जास्त हाताळताही येत नाही. टर्नटेबलवर, म्हणजे केक सजवायच्या फिरत्या पाटावर, चार हात जास्त फिरले की पृष्ठभागावर छिद्रं पडतात. म्हणून क्रीमवर नोझलची फुलं, झालर, पॅलेट नाइफचे फटकारे इतकंच मागावं. फ्रिज जवळ असेल आणि केक बाहेर काढून लगेच कापणार असाल, तर मुलांना यापेक्षा आवडता केक नाही. हापूसच्या फोडी मात्र आत भरायला सांगू नका, त्यांना पाणी सुटतं. मी रस आटवून थर देते आणि फोडी अगदी शेवटी वरून लावते.

बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेलं, माझं लाडकं. हाताचं काम सगळ्यात खरं दिसतं ते इथे. खिळ्यासारख्या छोट्या स्टँडवर एकेक पाकळी काढत गुलाब उभा राहतो, आणि दोन गुलाब कधी सारखे होत नाहीत. पण लोणी ३२ ते ३५ अंशांला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. पायपिंग बॅग धरलेल्या हाताची ऊबही त्याला पुरते, म्हणून मी दोन बॅगा आलटून पालटून फ्रिजमध्ये ठेवते. त्यात लोण्याच्या साधारण दुप्पट आयसिंग शुगर असल्याने गोडी जास्त. डिसेंबर-जानेवारीतल्या साखरपुड्याला जरूर घ्या, मे महिन्यातल्या खळ्यात नको.

आता फॉन्डंट. फोटोत दिसतो तो गुळगुळीत, चिनीमातीच्या भांड्यासारखा केक. हे साखरेचं मळलेलं पीठ, साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचं लाटून केकवर पांघरतात. साखर हवेतलं पाणी ओढते आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. फ्रिजमधून थेट बाहेर काढला की केकला घाम फुटतो, रंग ओघळतात. पेटी बंद ठेवूनच तो बाहेरच्या हवेला येऊ द्यायचा. ‘आत क्रीम, वर फॉन्डंट’ असंही बरेच जण मागतात, पण क्रीममधल्या ओलाव्याने फॉन्डंट आतून विरघळतं. त्याखाली बटरक्रीम नाहीतर चॉकलेटचं गनाशच हवं. एका जुलैत बारशासाठी मी फॉन्डंटचा हत्ती केला होता. फॉन्डंट कडक व्हावं म्हणून घालतात ती सीएमसी पावडर घालून, चार दिवस आधी. तरी सोंड वाळलीच नाही आणि कापायच्या वेळेपर्यंत खाली आली. त्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून पावसाळ्यात उभ्या आकृत्या घेत नाही. होडी, मासा, नावाची अक्षरं अशा चपट्या वस्तू करते. फॉन्डंटचा आंबा रंगवताना सावंतवाडीचा लाकडी आंबा समोर ठेवते आणि देठाकडची लाली कोरड्या ब्रशने कोरडा रंग चोळून आणते, कारण पाण्यात कालवलेला रंग साखरच खातो.

गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीम. वजनाने दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम, रात्रभर मुरू दिलेलं. पांढरं चॉकलेट असेल तर तीनास एक. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने त्याच्या कडा पाटासारख्या सरळ येतात आणि या चारांत उकाडा तेच सर्वात जास्त सोसतं. कंपाऊंड चॉकलेट, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं, त्याहून टिकतं, पण जिभेवर मेणासारखं राहतं. कुठलं वापरणार ते विचारून घ्या. उणीव एकच, फिकट गुलाबी किंवा आकाशी रंग यावर सहज येत नाहीत.

मग त्या खळ्यातल्या वाढदिवसाला काय? माझं मत, एकच मजला, गनाशचा केक, आणि वर फॉन्डंटच्या दोन-तीन वस्तू. यालाच आमच्याकडे ‘सेमी फॉन्डंट’ म्हणतात, तो सहसा क्रीमवर करतात. मी गनाशवर करते. पूर्ण फॉन्डंटपेक्षा खर्च कमी, आणि साखरेचं जाड पांघरूण काढून ताटात बाजूला ठेवणाऱ्या पाहुण्यांची संख्याही कमी. गडद काळा किंवा लाल रंग टाळा, दात रंगतात आणि चव कडवट होते.

खरी फुलं लावायची असतील तर जास्वंद किंवा गुलाब चालेल, तेही घरच्या, फवारणी न केलेल्या झाडाचं. कण्हेर कितीही सुंदर दिसली तरी केकजवळ आणू नका, ती विषारी आहे.

रस्त्याचंही आधी सांगा. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीकडे जायचं असेल, तर मी क्रीमचा केक देत नाही. गनाशचा देते, तोही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये घट्ट झालेला. गाडीत तो मांडीवर घेऊ नका, मांडीला उतार असतो. पुढच्या सीटच्या पायाशी सपाट ठेवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे पेटी सरकत नाही, आणि उन्हाची बाजू पाहून घ्या.