आधार थेरपिस्टचा, काम बाहेरच्या नात्यांवर : आयपीटीचं परीक्षण

आंतरवैयक्तिक मानसोपचार, म्हणजे व्यवहारात ज्याला आयपीटी म्हणतात, तो नैराश्यावरचा मुदतीचा उपचार आहे. आठवड्याला एक सेशन, साधारण १२ ते १६ आठवडे, मग समारोप. थेरपी म्हटल्यावर अनेकांना गप्प बसून टिपणं काढणारा थेरपिस्ट आठवतो, बालपणापासूनची उकल आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या भेटी आठवतात. इथे यातलं फारसं काही नसतं. थेरपिस्ट बोलतात, आजाराचं नाव सांगतात, शेवट कधी हे सुरुवातीलाच ठरवतात. आणि 'तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं?' असं सहसा विचारत नाहीत. त्यामुळे या पद्धतीत थेरपिस्टशी असलेल्या नात्याला फारशी किंमत नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते नातं पहिल्या मिनिटापासून वापरलं जातं, त्यावर चर्चा मात्र क्वचित होते. थेरपिस्ट तुमच्या बाजूने उभे राहतात, पण तुमच्या आयुष्यातलं मुख्य माणूस व्हायला मुद्दाम नकार देतात. या पद्धतीचं बळ त्या नकारात आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड क्लरमन आणि संशोधक मर्ना वाइसमन यांनी १९६९ च्या सुमारास नैराश्यावरच्या औषधाची चाचणी आखली. चांगले थेरपिस्ट प्रत्यक्षात जे करतात ते नियमात बसवून औषधासोबत तपासून पाहावं, हा हेतू होता. त्या उपचाराला सुरुवातीला 'जास्त संपर्क' एवढंच नाव होतं. नियमित भेटणाऱ्या, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा संपर्क! कार्यपुस्तिका पुढे १९८४ मध्ये आली. या जन्मकथेमुळे एक गोष्ट कळते : ऊब या पद्धतीत नंतर घातलेली नाही, ती आधीची आहे. नंतर आली ती शिस्त.

पहिल्या सेशनमध्ये लक्षणांची तपासणी होते : झोप, भूक, एकाग्रता, अपराधीपणा, आत्महत्येचे विचार. बहुतेक वेळा एखादी गुणांकन प्रश्नावलीही भरून घेतात. मग थेरपिस्ट स्पष्ट सांगतात, 'हे नैराश्य आहे. हा आजार आहे, तुमचा आळस किंवा कमकुवतपणा नव्हे, आणि यावर उपचार आहे.' समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये 'आजाऱ्याची भूमिका' ही कल्पना मांडली होती, ती इथे थेट कामाला लावली आहे. या भूमिकेत सूट मिळते, म्हणजे काही जबाबदाऱ्या तात्पुरत्या बाजूला ठेवता येतात, आणि बदल्यात एक जबाबदारी येते : बरं होण्यासाठी थेरपिस्टबरोबर काम करण्याची. ऐकायला हे कोरडं वाटेल, पण नात्याची पहिली गाठ इथेच बसते. नैराश्यात माणूस सगळ्याचं खापर स्वतःवर फोडत असतो. समोरचा जाणकार ते खापर आजारावर ठेवतो, तेव्हा दोघे एका बाजूला येतात आणि आजार दुसऱ्या बाजूला जातो. नवखे थेरपिस्ट हा भाग दोन मिनिटांत उरकतात किंवा 'लेबल नको' म्हणून टाळतात. मग पुढच्या प्रत्येक सेशनमध्ये क्लायंट 'मीच असा आहे' या मुद्द्याशी अडून बसतो.

पुढची एक-दोन सेशनं नात्यांच्या आढाव्याची. आयुष्यातली महत्त्वाची माणसं एकेक करून घेतली जातात. किती वेळा भेटता, एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत, त्यातल्या किती पुऱ्या होतात, या नात्यात काय आवडतं, काय खुपतं, काय बदलायला हवं. आणि सर्वांत कामाचा प्रश्न : लक्षणं सुरू झाली त्या सुमारास यांपैकी कुठल्या नात्यात काय घडलं? आढावा जनगणनेसारखा घेतला की माहिती मिळते, विश्वास मिळत नाही. जाणते थेरपिस्ट एखाद्या नावापाशी आवाज बदलला की थांबतात. ज्या माणसाबद्दल 'तसं काही विशेष नाही' असं ऐकू येतं, तिथेच बऱ्याचदा पाणी मुरत असतं.

आढाव्यातून चारपैकी एक क्षेत्र निवडायचं असतं : जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अडकून राहिलेला शोक, एखाद्या नात्यातला वाद, भूमिकेतला बदल (बाळ होणं, निवृत्ती, घटस्फोट, गंभीर आजार), किंवा मुळातच नाती कमी आणि एकटेपणा जास्त. क्वचित दोन क्षेत्रं घेतात. तीन घेतली तर मुदतीत काहीच पुरं होत नाही. निवड क्लायंटसमोर शब्दांत मांडून त्याची संमती घ्यावी लागते. उदाहरणार्थ, 'तुमचं नैराश्य नोकरी सुटल्यावर सुरू झालं. आपण पुढचे बारा आठवडे या बदलावर काम करू. हे तुम्हाला पटतं का?' यातला शेवटचा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या युतीचे, म्हणजे थेरपिस्ट आणि क्लायंट यांनी मिळून काम करण्याच्या नात्याचे, तीन भाग सांगितले : ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपुलकीचा बंध. पहिले दोन आयपीटीत तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत बोलून ठरतात, आणि बंध मुख्यतः त्यांच्या पोटी वाढतो. क्लायंटने तोंडदेखलं 'हो' म्हटलं असेल, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात सेशनं चुकू लागतात.

मधली सेशनं हा या उपचाराचा गाभा. प्रत्येक सेशन एकाच प्रश्नाने उघडतं : 'मागच्या भेटीपासून कसं गेलं?' हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याची रचना हुशारीची आहे. त्याला उत्तर येतं ते एकतर मनःस्थितीचं किंवा एखाद्या घटनेचं. 'वाईट गेला आठवडा' असं उत्तर आलं तर थेरपिस्ट विचारतात, त्या दिवसांत काय घडलं? 'भांडण झालं' असं आलं तर विचारतात, त्यानंतर मन कसं होतं? दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. काही आठवड्यांनी क्लायंट ही जोडणी स्वतः करू लागतो. उपचार लागू पडत असल्याची ही खूण आहे.

मग घटना बारकाईने उलगडतात. समजा, बाळंतपणानंतर नैराश्य आलेली बाई म्हणते, 'भांडण झालं. तो ऐकतच नाही.' हा निष्कर्ष आहे, घटना नव्हे. थेरपिस्ट मागे नेतात : कधी? रात्री अकराला. तुम्ही नेमके काय शब्द वापरलेत? 'मी म्हटलं, तुला काय, तुझं चालू दे.' मनात काय होतं? 'आज बाळाला तू घे, मला चार तास सलग झोपायचंय.' मग यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं? इथे सहसा शांतता पसरते. ती शांतता थेरपिस्टने भरू नये. नवरा चूक की बायको, हा निवाडा इथे होत नाही. बोललेलं आणि बोलायचं होतं ते यांतलं अंतर समोर येतं, एवढंच. हे अंतर लाज न वाटता पाहता येतं, कारण समोरचा माणूस दोषी शोधत नाही हे आधीच्या चार-पाच सेशनांत कळलेलं असतं. थेरपिस्टशी असलेल्या नात्यामुळे काय बदलतं, याचं सर्वांत सरळ उत्तर हे आहे : स्वतःची बाजू सावरत बसण्याची गरज तासभर उरत नाही.

'मला राग आला' असं म्हणून झाल्यावर पुष्कळ जण लगेच 'पण माझंच चुकलं असेल' असं जोडतात. थेरपिस्ट तिथे सांगतात की रागावण्यासारखंच घडलं होतं, आणि विचारतात, या रागातून कळतं काय, हवं होतं काय? राग हा सद्गुण नाही, दुर्गुणही नाही, ती माहिती आहे. राग व्यक्त केला आणि समोरचा उठून गेला नाही, हा अनुभव काहींना थेरपीच्या खोलीत पहिल्यांदाच येतो.

त्यानंतर पर्याय काढणं आणि सराव. सरावात फसण्याच्या जागा ठरलेल्या. थेरपिस्ट नवऱ्याची भूमिका फार समजूतदारपणे करतात, संवाद गोड होतो आणि घरी पहिल्याच वाक्याला गाडी अडते. म्हणून आधी क्लायंटनेच समोरच्या व्यक्तीची भूमिका करून दाखवावी, म्हणजे तिची ढब कळते, मग अदलाबदल. एकाच प्रसंगाला दोन-तीन फेऱ्या द्याव्यात आणि एका फेरीत समोरच्याने साफ नकार द्यावा. दुसरी चूक म्हणजे थेरपिस्टने वाक्य तयार करून देणं. ते पाठ होतं, पण तोंडात बसत नाही. अधूनमधून सल्ला द्यायची आयपीटीत मोकळीक आहे, तरी पर्याय आधी क्लायंटकडून यावेत. आणि घरी हिंसा असेल तर संवाद सुधारण्याचा सराव बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. हे न पाहणारा थेरपिस्ट या पद्धतीला बदनाम करतो.

आता तो टाळलेला विषय : थेरपिस्टबद्दलच्या भावना. क्लायंट खूप माफी मागतो, कधीच असहमत होत नाही, उशिरा येतो. मनोविश्लेषणात यावरच काम झालं असतं. आयपीटीत थेरपिस्ट हे टिपून ठेवतात आणि बाहेर वळवतात : 'एखादी गोष्ट पटली नाही तर ऑफिसात तुम्ही काय करता?' मुदत तोकडी आहे, आणि थेरपिस्टशी कसं वागायचं हे शिकून घरचा प्रश्न सुटत नाही, हा त्यामागचा हिशेब. त्याला अपवाद दोन. थेरपिस्टवरच्या रागाने किंवा अविश्वासाने उपचारच धोक्यात आला, तर लगेच आणि उघड बोलायचं. आणि चौथ्या क्षेत्रात, जिथे बाहेर नातीच फार नाहीत, तिथे खोलीतलं नातं हाच सरावाचा माल असतो. माझ्या मते आयपीटीची सर्वांत कच्ची बाजू हीच. बाकीच्या तीन क्षेत्रांत घटनेचा धागा असतो. इथे तो नसतो, आणि सोळा आठवड्यांत मैत्री करायला शिकवणं ही फार मोठी अपेक्षा आहे. बालपणापासूनच्या अविश्वासावर काम करायचं असलेल्यांनी दीर्घ मुदतीची थेरपी शोधावी.

पुराव्याचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या मोठ्या चाचणीचे मुख्य निष्कर्ष १९८९ मध्ये आले. नैराश्याच्या २५० रुग्णांची आयपीटी, बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी), इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध आणि बिनऔषधी गोळी अशा चार गटांत विभागणी झाली होती, मुदत १६ आठवडे. त्याच आधारसामग्रीवर १९९६ मध्ये जेनिस क्रुपनिक आणि सहकाऱ्यांनी युतीचा अभ्यास केला. युती चांगली तिथे परिणाम चांगला, आणि हे चारही गटांत दिसलं, अगदी बिनऔषधी गोळीच्या गटातसुद्धा. शिवाय वजन पडलं ते मुख्यतः रुग्णाच्या वाट्याचं, म्हणजे तो किती मोकळेपणाने सहभागी होतो याचं. हे वाचून 'नातं असलं की पुरे' म्हणण्याचा मोह होतो. जरा थांबावं. लवकर बरं वाटू लागलेल्या माणसाला थेरपिस्टही आवडू लागतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा आकड्यांतून पूर्ण सुटत नाही.

नातं एकाच व्यक्तीशी असायला हवं असंही नाही. युगांडातल्या ३० खेड्यांत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयपीटी गटात दिली गेली : १६ आठवडे, दर आठवड्याला दीड तास. चालवणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. नैराश्य ठळकपणे कमी झालं. तिथे आधाराचं काम बरंचसं गटातल्या इतरांनी केलं.

निवड करणाऱ्यांसाठी एक कसोटी. चौथ्या सेशननंतर 'आपण कशावर काम करतोय?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. नाही आलं तर थेरपिस्टना सरळ विचारा. उत्तर टाळलं गेलं, किंवा दर आठवड्याला नवा विषय निघत राहिला, तर तो गप्पांचा तास आहे, मग थेरपिस्ट कितीही प्रेमळ असोत. तीव्र आत्मघाती विचार, भ्रम किंवा व्यसन असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी. अशा वेळी एकट्या आयपीटीवर विसंबू नये.

शेवटच्या तीनेक सेशनांत समारोपावर उघड बोललं जातं. निरोपाचं दुःख होतं, आणि दुःख म्हणजे नैराश्य परत आलं असं नव्हे, हे थेरपिस्ट सांगतात. सुधारणेचं श्रेय क्लायंटला परत दिलं जातं : घरी ते वाक्य कोण बोललं? गुण आला नसेल तर दोष उपचाराचा, तुमचा नाही, हेही सांगायचं आणि दुसरा मार्ग सुचवायचा. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी महिन्यातून एक सेशन असा पुढचा टप्पा असतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये संशोधक एलन फ्रँक यांच्या गटाने तो तीन वर्षं तपासला. १९९१ च्या त्यांच्या विश्लेषणात औषधाविना मासिक सेशन घेणाऱ्यांत एक फरक दिसला. थेरपिस्ट आणि क्लायंटच्या ज्या जोड्यांत सेशन नात्यांच्या विषयावर नेमकं टिकून राहत होतं, तिथे आजार परतण्याआधीचा मध्यम काळ (म्हणजे निम्म्या जणांत आजार परतायला लागलेला काळ) जवळपास दोन वर्षं होता. जिथे विषय भरकटत होता, तिथे तो पाच महिन्यांहून कमी.