पहिलं मूळ चित्र: टाक-शाईचं घ्यावं की तैलरंगाचं?

परवा एका मैत्रिणीला एकाच लिलावाच्या यादीत दोन चित्रं आवडली. पहिलं १९१० च्या आसपासचं, अमेरिकन मासिकातल्या कथेसाठी केलेलं टाक-शाईचं काम: स्टेशनच्या बाकावर बसलेला म्हातारा आणि समोर मोठी हॅट घालून उभी असलेली मुलगी. दुसरं कॅनव्हासवरचं तैलचित्र: गुलाबी गालांची बाई, हातात बिस्किटांचा डबा, सही नाही. दोन्हींची अंदाजी किंमत जवळपास सारखी आणि तिच्याकडे पैसे एकाचेच. न्यू जर्सीतल्या नव्या घराच्या भिंतीवर तिला छापील पोस्टर नको होतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने शाईचं चित्र घ्यावं. पण तैलचित्राचा मोह का पडतो तेही मला कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही चित्रं मुळात भिंतीसाठी काढलेली नव्हती, ब्लॉक म्हणजे छपाईचा ठसा करण्यासाठी काढलेली होती. छापखान्याशी थोडाफार संबंध आलेल्या मराठी माणसाला लाइन ब्लॉक आणि हाफटोन ब्लॉक समजावून सांगायला नकोत. शाईच्या रेषांचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक निघे. रंगाच्या छटा असल्या की जाळीतून फोटो घेऊन ठिपक्यांचा हाफटोन करावा लागे. ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपलं. काही चित्रकाराकडे परत गेली, काही कचेरीतल्या कपाटांत राहिली, पुष्कळशी फेकली गेली. आपल्याकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं घरोघरी पोचली, पण त्यांचं मूळ चित्र हातभर अंतरावरून किती जणांनी पाहिलंय? अमेरिकेतही तेच. म्हणून जे उरलं त्याला मोल आहे.

शाईच्या चित्रात हात उघडा दिसतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चार्ल्स डेना गिब्सन (१८६७–१९४४) याची उंच मानेची ‘गिब्सन गर्ल’ सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते, पण पाहिलेली असते ती छापील आणि लहान केलेली. मूळ कागद त्याहून कितीतरी मोठा असतो, आणि खांद्यापासून झग्याच्या घेरापर्यंत एका दमात ओढलेली रेघ बघताना टाक कुठे दाबला आणि कुठे सैल सोडला ते कळतं. ‘कोलियर्स’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्याच्याशी १०० चित्रांसाठी १ लाख डॉलरचा करार केला होता. शाईचं काम म्हणजे रंगीत कामाची धाकटी बहीण, असं त्या काळी कुणी मानत नव्हतं. आताच्या खरेदीदारांनी मात्र रंगाला जास्त भाव दिला, आणि त्याचा फायदा तुम्हाआम्हाला मिळतो.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रँकलिन बूथ (१८७४–१९४८). इंडियानातल्या शेतावर वाढलेला हा मुलगा मासिकांतली लाकडी ठशांची चित्रं टाकाने काढलेली आहेत असं समजून तशीच रेघ न् रेघ गिरवत बसला. त्या गैरसमजातूनच त्याची शैली जन्मली. त्याच्या एका ढगात शेकडो समांतर रेघा असतात आणि जवळ गेलं तरी त्या एकमेकींत मिसळत नाहीत. एस्टी या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीच्या ऑर्गनच्या जाहिराती त्याने अशाच केल्या: उंचच उंच झाडं, प्रचंड आकाश, खाली इवलीशी माणसं.

गिब्सन, बूथ यांची चांगली चित्रं हजारो डॉलरांत जातात. पण त्यांच्या सोबतीला त्याच मासिकांत रोज राबणारे कितीतरी चित्रकार होते. त्यांचं शाईचं काम आजही काहीशे डॉलरांत मिळू शकतं. माझ्याकडे असं एक आहे. समासात निळ्या पेन्सिलीने दोन बाण आणि मध्ये साडेसहा इंच असं लिहिलंय, म्हणजे ब्लॉक तेवढ्या रुंदीचा करायचा. कागद उजेडात तिरका धरला की बाईच्या डाव्या हातावर पांढऱ्या रंगाचा किंचित उंच थर दिसतो. तिथे आधी काढलेली बोटं झाकली आहेत आणि वरून पुन्हा काढली आहेत. छापील पानात यातलं काहीच उतरलं नाही. त्या चार बोटांसाठी मी ते चित्र घेतलं.

आता तैलचित्राची बाजू. भिंतीवर ते उठून दिसतं, याबद्दल वाद नाही. घरी आलेला पाहुणा आधी त्याच्याकडेच जाईल. आणि त्या काळातली सर्वांत देखणी कामगिरी तैलरंगातच झाली. हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) आणि त्याचा शिष्य एन. सी. वाइथ ही नावं कुणी नाकारू नये. जाहिरात म्हणून केलेलं काम कमअस्सल असतं असंही नाही. वाइथने १९०६ मध्ये ‘क्रीम ऑफ व्हीट’ या न्याहारीच्या रव्यासाठी रंगवलेले घोडेस्वार आज मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहेत.

अडचण अशी की आपल्या खिशाला परवडेल ते तैलचित्र बहुधा बिनसहीचं किंवा अनोळखी माणसाचं असतं, आणि त्यात पारख करणं शाईपेक्षा फार कठीण. वरचं वार्निश पिवळं पडलेलं, मागे दुसरा कॅनव्हास चिकटवलेला, चेहऱ्यावर नंतर कुणीतरी हात फिरवलेला. हे सगळं फोटोत दिसत नाही. दुरुस्तीचा खर्च चित्राच्या किमतीला भिडू शकतो. शिवाय जाहिरात नेमकी कुठे छापली हे शोधायला सही किंवा मालाचं नाव लागतं. डब्यावर नाव नसेल तर तुमच्या हातात एक सुंदर बाई उरते आणि बाकी सगळी अंदाजाची गोष्ट.

या भानगडीत एक मधली वाट आहे आणि ती मला स्वतःला फार आवडते: काळ्या-पांढऱ्या छटांत केलेलं तैलचित्र. आतली पानं एकरंगी छापली जात, म्हणून चित्रकार तैलरंगातही फक्त काळा, पांढरा आणि करडाच वापरत, कधी सोबत थोडा लाल. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठसुद्धा चार रंगांत पहिल्यांदा छापलं गेलं ते ६ फेब्रुवारी १९२६ च्या अंकावर, नॉर्मन रॉकवेलच्या चित्राने. त्याआधी लाल-काळ्यावर भागत होतं. लोक रंग शोधतात, त्यामुळे या करड्या चित्रांचा भाव कमी राहतो. ब्रशचं काम मात्र तितकंच कसदार असतं.

तिसरा पर्याय मोठ्या नावाच्या तुकड्याचा. जे. सी. लेयेंडेकर (१८७४–१९५१) याने शर्टाच्या ‘अ‍ॅरो’ कॉलरच्या जाहिरातीतला तो देखणा पुरुष घडवला. मोठं चित्र करण्याआधी तो कॅनव्हासच्या तुकड्यांवर हात, कॉलर, बुटाचं टोक, अर्धा चेहरा असे अभ्यास करी आणि मोठं करून उतरवण्यासाठी वर पेन्सिलीने चौकटी आखी. तो गेल्यावर न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेल इथल्या त्याच्या घरातली चित्रं मामुली भावात विकली गेली. १९१४ च्या मुखपृष्ठासाठी केलेला त्याचा जखमी फुटबॉलपटू २०२१ मध्ये ४१ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेला, आणि तेव्हापासून त्या तुकड्यांकडेही सगळ्यांचे डोळे लागलेत. कलेच्या विद्यार्थ्याला असा तुकडा सोन्यासारखा आहे. पण पहिल्या खरेदीत तो घेऊ नका. नाव मोठं तिथे नकलाही येतात, आणि चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची कागदोपत्री साखळी नसेल तर पुढे विकताना अडाल.

फसगत माझीही झाली आहे. एका विक्रेत्याने जलरंगातलं मूळ मुखपृष्ठ म्हणून मला जे दिलं, ते जुन्या छपाईवर हाताने रंग चढवलेलं निघालं. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तेव्हा गालाच्या सावलीत ठिपक्यांची जाळी दिसली. ते भिंग पैसे देण्याआधी लावायला हवं होतं. शाईच्या चित्रात हाच तपास सोपा असतो: रेघेच्या कडेला शाई किंचित मुरलेली दिसते, जाड भागात ती चमकते, चुका झाकलेल्या दिसतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा झळकला तर सावध व्हा. कागद शुभ्र करणारी ती रसायनं साधारण १९५० नंतरची.

शाईच्या चित्रांचं दुखणं वेगळंच. वर चांगला कागद आणि आत लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त पुठ्ठा, असा तो इलस्ट्रेशन बोर्ड असतो. वर्षानुवर्षांनी तो तपकिरी होतो आणि कोपरे बिस्किटासारखे तुटतात. काजळीची काळी शाई उजेडात उडत नाही, रंगीत शाई आणि जलरंग उडतात. आम्लविरहित माउंट आणि अतिनील किरण अडवणारी काच एवढ्यावर भागतं. चित्र मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरी न्यायचं असेल तर मात्र दहा वेळा विचार करा. पावसाळ्यात बुरशी आणि कसर पुठ्ठ्यालाच आधी धरतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताच्या १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते, खाजगी माणसाला ती भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणून नेण्याआधी जाणकार वकिलाला विचारलेलं बरं.

पैशांचं एकच सांगते: हातोडा पडल्यावर लिलावगृहाचं कमिशन वेगळं लागतं, ते २० टक्क्यांच्या वर सहज जातं. बोलीची मर्यादा ते धरून ठरवा. आणि मूळ चित्र तुमचं झालं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. अमेरिकेत १९३० पूर्वी प्रसिद्ध झालेली चित्रं आता सगळ्यांसाठी खुली आहेत, नंतरच्यांचं तपासून बघावं लागतं.

मैत्रिणीला मी आधी डोळे तयार करायला पाठवलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९३२ पासून अमेरिकन इलस्ट्रेशनचा संग्रह जमवायला घेतला, त्यात चार हजारांच्या आसपास मूळ चित्रं आहेत, आणि घरबसल्या ती मोठी करून बघता येतात. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून गाडीने दीड-दोन तासांवर विल्मिंग्टन आहे, तिथलं डेलावेअर आर्ट म्युझियम पाइलच्या चित्रांसाठीच १९१२ मध्ये उभं राहिलं. एका शनिवारी ती जाऊन आली. संध्याकाळी फोन आला तेव्हा बिस्किटांच्या डब्याचा विषयही निघाला नाही. लिलावगृहाकडे तिने स्टेशनवरच्या म्हाताऱ्याच्या चित्राचे आणखी फोटो मागवले होते: चारही कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे, आणि एक तिरक्या उजेडात काढलेला.